मिरचीचा खल

मी मनात धरून ठेवणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. झालं गेलं विसरून जावं, असं सांगणारे खूप भेटले. त्यांनी खुशाल विसरावं. माझ्या बापाला ज्यानं चारचौघांत खोटारडा म्हटलं, त्यानं चारचौघांतच ‘तो खरं बोलत होता’ असं म्हणायला हवं, एवढंच मला हवं होतं. दुसऱ्या कुणी म्हणून चालणार नव्हतं. त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. त्याला तेवीस वर्षं लागली.

माझे बाबा पाथरवट होते. उंबरे, पायऱ्या, खल-बत्ते, नावाच्या पाट्या, जे काम येईल ते करायचे. एके दिवशी संग्रहालयातून बोलावणं आलं. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक दगडी खल होता. काळा दगड, दोन ओंजळी धान्य मावेल एवढा. काठाभोवती कोरलेली वेल, वेलीखाली दाटीवाटीनं बसलेले नऊ बेडूक, आणि एका अंगाला तोंड उघडलेल्या माणसाचा चेहरा. त्या काळचे पुजारी त्यात कुठलीशी वनस्पती कुटायचे, तिचा रस प्यायचे, आणि मग देव त्यांच्या तोंडून बोलायचे म्हणे. ती वनस्पती कुठली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तर या खलाची हुबेहूब नक्कल करायची होती. मूळ खल काचेत राहील आणि नक्कल बाहेर टेबलावर, लोकांना हात लावून बघायला.

बाबांनी तीन महिने संग्रहालयाच्या मागच्या शेडमध्ये बसून ती घडवली. मूळ खल समोर, नक्कल मांडीशी. नवव्या बेडकाचा एक डोळा मुळात अर्धवट राहिला होता, तोही बाबांनी तसाच अर्धवट ठेवला. काम झालं आणि ते नक्कल घरी घेऊन आले.

“आता ही घरी कशाला?” आईनं विचारलं.

“आठ दिवस कुटायला.”

“अहो, टेबलावर ठेवायचीय ना ती? तिच्यात कोण कुटणार आहे?”

“कुणी कुटो न कुटो. कचकच करणारा खल माझ्या हातून बाहेर जाणार नाही.”

नवा दगडी खल आधी बारीक कच सोडतो. म्हणून पाथरवट तो आठ दिवस घरात वापरून मगच गिऱ्हाइकाला देतो. आधी जाडं मीठ, मग भिजवलेले तांदूळ, मग लसूण, आणि शेवटी सुकी लाल मिरची. मिरची चाटून बघितली आणि दाताखाली काही आलं नाही, की खल तयार. हा आमच्या घराचा नियम. बाबांच्या बाबांचाही तोच होता. आईनं तोंडाला पदर बांधून अर्धा किलो मिरची कुटली आणि आम्ही तिघंही दोन दिवस शिंकत होतो. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, परीक्षेचा अभ्यास चाललेला. पुस्तक दिसत नव्हतं, एवढं डोळ्यांतून पाणी. वैतागून मी म्हणाले, “बाबा, देवांच्या भांड्यात मिरची? देव पळून जातील.” बाबा हसले. “जाऊ देत. कच तर जाईल.” मग त्यांनी बाहेरून चहाचं पाणी आणि माती चोळून दगड जुना केला आणि नक्कल पोचवून आले.

संग्रहालयात तेव्हा एक तरुण अधिकारी होते, नुकतेच आलेले. दगड नुसत्या स्पर्शानं ओळखतो, अशी त्यांची ख्याती होती. म्हणजे ती त्यांनी स्वतःच पसरवली होती. “माझी नजर, माझं बोट” हे दर दुसऱ्या वाक्याला. कर्मचारी त्यांना पाठीमागे नजरसाहेब म्हणायचे. मीही तेच म्हणते.

दोन्ही खल फोटोसाठी शेजारीशेजारी ठेवले. फोटोत दिसू नयेत म्हणून दोन्हींना बांधलेल्या ओळखीच्या चिठ्ठ्या सोडून ठेवल्या होत्या. फोटो झाल्यावर कुठली चिठ्ठी कुठल्या खलाला, हा प्रश्न आला. बाबा शेडमध्ये, शंभर पावलांवर होते. त्यांना हाक मारली असती तर? पण नाही. नजरसाहेबांनी दोन्ही खलांत अंगठा फिरवला. एक आतून खरखरीत, एक लोण्यासारखा गुळगुळीत. “शेकडो वर्षं हात फिरल्याशिवाय दगड असा होत नाही,” ते म्हणाले, आणि गुळगुळीत खलाला मूळ खलाची चिठ्ठी बांधली. आईच्या मिठा-मिरचीनं झालेला तो गुळगुळीतपणा काचेत जाऊन बसला. आणि दोन हजार वर्षं जमिनीखाली राहून आत पापुद्रा धरलेला खरा खल टेबलावर आला.

दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांना दाखवताना नजरसाहेबांनी तो एका हातानं उचलला. दुसरा हात बोलण्यात गुंतला होता. खल फरशीवर पडला. तीन तुकडे झाले.

“नक्कल होती, काळजी नको,” ते पाहुण्यांना म्हणाले, आणि दुसरी घडवून घ्यायला बाबांना बोलावलं.

बाबांनी तुकडे बघितले आणि खाली बसले. मटकन. “साहेब, हा माझा नाही. माझा काचेत आहे.”

सगळे हसले. बाबा पुन्हा म्हणाले, “साहेब, काच उघडा. आत नाक घालून बघा. मिरचीचा वास येईल.”

हे मला बाबांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि नंतर मरेपर्यंत कित्येकदा. नजरसाहेब काय म्हणाले, तेही सांगितलं. “मी दोन हजार वर्षांच्या देवाच्या भांड्यात नाक घालू? एका पाथरवटाच्या सांगण्यावरून? स्वतःचं काम दोन हजार वर्षांचं वाटायला लागलंय याला! खोटं बोलायलाही काही सुमार असतो, मिस्त्री.”

बाबांनी फार वाद घातला म्हणून त्यांना बाहेर काढलं. जाताना ते एवढंच म्हणाले की तुकडे तरी मला द्या. फाटकावर सही लागते म्हणून नजरसाहेबांनी कागद दिला. त्यावर लिहिलं, ‘प्रतिकृती, तुटलेली, निरुपयोगी. नेण्यास हरकत नाही.’ खाली लफ्फेदार सही.

त्यानंतर बाबांचं नाव पडलं ‘प्राचीन मिस्त्री’. रस्त्यात कुणीही विचारायचं, “काय प्राचीन, आज काय दोन हजार वर्षांचं घडवलंत?” काम देणारेही हसत हसत कमी झाले. बाबांनी टाकी-हातोडा फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. माणूस काम बंद पडून मरतो की हसण्यानं मरतो, मला ठाऊक नाही. चार वर्षांनी ते गेले. तीन तुकडे पिठाच्या जुन्या डब्यात, आईच्या स्वयंपाकघरात, सगळ्यात खालच्या फळीवर राहिले. बाबा सांगून गेले होते, “धुवायचे नाहीत. हात लावायचा नाही.”

मी काय केलं? मी सांधायचं काम शिकले. फुटलेली दगडी भांडी, मातीची मडकी, मूर्तींचे मोडलेले हात, सगळं जोडायला शिकले, आणि त्याच संग्रहालयाच्या डागडुजी विभागात लागले. लग्नानंतरचं नाव वेगळं, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. नजरसाहेब तोवर संचालक झाले होते. रोज त्यांना “नमस्कार सर” म्हणताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बारा वर्षं मी ते हसून म्हणाले. रोज त्या काचेसमोरून गेले आणि रोज नवव्या बेडकाकडे बघून मनात म्हटलं, थांब जरा.

आधी का नाही बोलले? कुणापुढे बोलायचं? त्याच्यापुढेच? बापाला हसले होते, मलाही हसले असते. आणि पुरावा काय, तर माझ्या आईच्या शिंका!

मग मागच्या वर्षी नजरसाहेबांना निवृत्तीचे वेध लागले. जाण्याआधी नाव अमर करायचं होतं. त्यांनी आयुष्यभर एकच सिद्धांत उराशी धरला होता: पुजारी त्या खलात ‘बोलकी वेल’ कुटायचे. डोंगरात उगवणारी एक रानवेल आहे, तिला त्यांनीच हे नाव दिलं होतं. दोन पुस्तकं लिहिली होती, पण पुरावा शून्य. आता दूरच्या एका प्रयोगशाळेत नवी सोय झाली होती. दगडाच्या बारीक छिद्रांत अडकलेले कण खरवडून काढायचे, आणि त्यावरून कुठली वनस्पती कुटली होती ते ओळखायचं.

नजरसाहेबांनी मला बोलावलं. “बाई, खलाच्या आतून नमुना काढायचा. हलक्या हातानं. तुमच्याशिवाय कुणावर भरवसा नाही माझा.”

 मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. म्हटलं, “सर, प्रयोगशाळेचं पत्र आलंय. तुलनेसाठी दुसऱ्या एका दगडाचाही नमुना पाठवायचाय.”

“घ्या कुठला तरी फालतू दगड.”

“कुठलाही निरुपयोगी दगड चालेल?”

“चालेल हो, चालेल. हे पण मीच सांगायचं का?”

“तेवढं लिहून द्या, सर. त्यांना लागतं.”

त्यांनी लिहून दिलं. ‘नमुना दोन: निरुपयोगी दगड, निवड कर्मचाऱ्याची.’ सही तीच, लफ्फेदार.

काच उघडली आणि बाबांनी घडवलेला खल तेवीस वर्षांनी माझ्या हातात आला. मी दार लावून घेतलं आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. आत नाक घातलं. कसलाच वास नव्हता. मग डोळे पुसले आणि कामाला लागले. पहिल्या कुपीत त्या खलाचे कण भरले. दुसरी कुपी घेऊन आईच्या घरी गेले, पिठाचा डबा उघडला, आणि सगळ्यात मोठ्या तुकड्याच्या पापुद्र्याखालून कण काढले. आई दारात उभी राहून बघत होती.

“काय निघेल गं त्यातून?”

“माहीत नाही. दुसरीत काय निघतं ते निघो. पहिलीत तुझी मिरची निघाली की माझं काम झालं.”

मिरचीचं रोप आपल्याकडे जेमतेम पाचशे वर्षांपूर्वी जहाजातून आलं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. नजरसाहेबांना तर नक्कीच होतं.

निकाल यायचा त्या दिवशी त्यांनी सभागृह भरवलं. वार्ताहर, प्राध्यापक, झाडून सगळा कर्मचारीवर्ग. व्यासपीठावर मधोमध काचेच्या पेटीत खल. प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई स्वतः बंद लिफाफा घेऊन आल्या होत्या. मी पहिल्या रांगेत होते, शेजारी आई, माझ्या पायाशी कापडी पिशवी.

डॉक्टरबाई हळूच त्यांना म्हणाल्या, “सर, आधी आत बसून वाचून घ्या ना.”

“छे छे! मीसुद्धा सगळ्यांबरोबरच ऐकणार.” हे त्यांनी माईकमध्येच सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खरं सांगते, मनापासून वाजवल्या.

त्यांनी लिफाफा फोडला. चष्मा लावला. “नमुना एक. काचेतील खल. आढळलेले कण...” आणि थांबले. सभागृहाला वाटलं, भावना अनावर झाल्या.

“वाचा ना, सर,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मीठ. तांदूळ. लसूण.” आवाज खाली उतरला. “आणि... लाल मिरची, मोठ्या प्रमाणात. जुना पापुद्रा नाही. वापर अलीकडचा.”

कुणीतरी खुसकन हसलं. नजरसाहेबांनी घाईघाईनं पान उलटलं. एखाद्या चांगल्या बातमीसाठी उलटलं असावं. ती होती, आणि तीच त्यांना जड गेली. कारण नकळत तेही त्यांनी मोठ्यानं वाचलं. “नमुना दोन. निरुपयोगी दगड. पापुद्र्याखाली अतिप्राचीन कण. रानवेल, जिला बोलकी वेल असं...”

आता मात्र मीही चाट पडले. हे मला माहीत नव्हतं. आईशप्पथ सांगते. त्यांचा सिद्धांत खरा होता! आयुष्यभर ज्याच्या मागे लागले, ते त्यांच्या हातात होतं. त्यांनीच ते फरशीवर आपटलं, निरुपयोगी म्हणून लिहून दिलं, आणि ते माझ्या आईच्या पिठाच्या डब्यात पडून होतं. बाबांनी राखलं म्हणून राहिलं.

नजरसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला. बोट माझ्याकडे वळलं. “कुप्या बदलल्या! या बाईनं कुप्या बदलल्या! खोटेपणा आहे हा!”

तोच आरोप, खोटेपणाचा. एकोणीस वर्षांची असताना जे मी नुसतं ऐकलं होतं, ते आता समोर घडत होतं. मी उठले. 

“मी प्राचीन मिस्त्रींची मुलगी,” मी म्हणाले. जुन्या कर्मचाऱ्यांत कुजबुज झाली. मी पिशवीतून तीन तुकडे काढून व्यासपीठाच्या कडेवर मांडले, आणि शेजारी फाटकाचा कागद. “हा तो निरुपयोगी दगड. निरुपयोगी मी म्हटलं नाही. ही बघा सही. कुप्या बदलल्या म्हणता ना? डॉक्टरबाई इथेच आहेत. त्यांनी स्वतःच्या हातानं दोन्हींतून पुन्हा नमुने घ्यावेत. आत्ता.”

“हिच्या घरी होते ते तुकडे! हिनं काहीही भरलं असेल त्यांत!”

“पापुद्र्याखाली?” डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. “तो पापुद्रा धरायला शेकडो वर्षं लागतात, सर.” आणि त्यांनी हातमोजे चढवले.

तेवढ्यात आई उठली. तिला माईकची गरज पडत नाही. “मोठ्या प्रमाणात म्हणजे काय? अर्धा किलो होती! मी कुटली आहे. हे तेव्हाच सांगत होते तुम्हाला, नाक घालून बघा म्हणून. बघितलंत?”

कुणी हसलं नाही. बाबांना हसणारे दोघे-तिघे तिथे होते. ते पायांकडे बघत होते.

तीन आठवड्यांनी दुसरा निकाल आला. तोच, शब्द न शब्द. त्याच दिवशी नजरसाहेब डागडुजी विभागात आले. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या खोलीचा उंबरा ओलांडला. तीन तुकडे माझ्या टेबलावर कापडाखाली होते.

“बाई, हे सांधायचेत. जगभरातून विचारणा होतेय. माझा... आपल्या संग्रहालयाचा शोध आहे हा.”

“सांधीन की.”

“पाटीचा मजकूर तयार आहे.” त्यांनी कागद पुढे केला. ‘पूर्वी कर्मचाऱ्यांकडून झालेल्या अनवधानामुळे दोन खलांची अदलाबदल...’

मी पुढचं वाचलंच नाही. कागद परत दिला. “कुठला कर्मचारी, सर?”

ते कागदाची घडी घालायला लागले. मी म्हटलं, “मी सांगते ते लिहा. स्वतःच्या अक्षरात. तेच पाटीवर कोरायचं. आणि पाटी लावायच्या दिवशी तुम्हीच ते वाचून दाखवायचं, त्याच सभागृहात, त्याच माणसांपुढे. मग मी तुकड्यांना हात लावते. नाहीतर दुसरा सांधणारा शोधा. दोन हजार वर्षांच्या दगडावर हात साफ करून घ्यायला कुणीतरी मिळेलच.”

“तुम्हाला सूड घ्यायचाय.”

“हो,” मी म्हटलं. “मग काय, पूजा करायचीय?”

 ते खुर्ची ओढून बसले आणि लिहायला घेतलं. मी सांगत गेले. ‘मूळ खल मी ओळखला नाही. तो माझ्या हातून फुटला. पाथरवटानं मला त्याच दिवशी खरं सांगितलं होतं. मी त्याला खोटारडा म्हटलं.’ खाली बाबांचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पाथरवटाचं नाव लिहिताना त्यांना मला विचारावं लागलं. तीन महिने ज्या माणसाकडून काम करून घेतलं, त्याचं नावच त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी ते वाचलंही. सभागृह खच्चून भरलं होतं. वाचताना दोनदा अडखळले. आईनं दोन्ही वेळा मोठ्यानं सांगितलं, “ऐकू नाही आलं.” दोन्ही वेळा त्यांना ती ओळ परत वाचावी लागली.

आता सांधलेला खल काचेत आहे आणि बाबांचा खल त्याच्या शेजारी, टेबलावर, लोकांना हात लावायला. मुळात ठरलं होतं तसा. मला वाटलं होतं, त्या दिवशी मन निवेल. निवलं नाही. एक गोष्ट राहिली होती.

सभा पांगल्यावर नजरसाहेब त्या टेबलापाशी एकटेच उभे होते. मी बाबांचा खल दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

“घाला नाक,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढला, वाकले, आणि खरोखरच नाक आत घातलं. केस विरळ झालेलं त्यांचं डोकं माझ्या बाबांच्या खलावर वाकलेलं मी वरून बघत होते. त्यांनी मोठा श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

“काही वास येत नाही हो, बाई,” ते म्हणाले.

“नाहीच येणार, साहेब,” मी म्हटलं. “त्या दिवशी आला असता.”

आणि मी खल जागेवर ठेवला.